गोव्यातून मिरीची बातमी कशी फुटली

फादर थॉमस स्टीफन्स म्हटलं की आपल्याला ख्रिस्तपुराण आठवतं, मराठीची थोरवी गाणाऱ्या त्यांच्या ओव्या शाळेत कधीतरी वाचलेल्या असतात, बस. पण हेच स्टीफन्स १५८३ च्या डिसेंबरात गोव्यात एका जामिनाच्या भानगडीत मध्ये पडले होते हे मला बरंच उशिरा कळलं आणि तेव्हापासून मी या विषयात अडकलेय. वरवर ती चार परदेशी कैद्यांची भानगड वाटते, पण खरं तर ती मिरी-लवंगांच्या व्यापाराची आहे, आणि त्याहीपेक्षा त्या व्यापारातल्या माहितीची आहे, म्हणजे कोणाला काय माहीत आहे आणि ते दुसऱ्या कोणाला कळता कामा नये याची.

झालं असं. जॉन न्यूबेरी आणि राल्फ फिच हे लंडनचे व्यापारी, सोबत विल्यम लीड्स नावाचा जवाहिऱ्या आणि जेम्स स्टोरी नावाचा चित्रकार, असे चौघे १५८३ च्या सुरुवातीला इंग्लंडहून निघाले. आफ्रिकेला वळसा घालून येणारा समुद्राचा रस्ता पोर्तुगीजांच्या हातात होता, म्हणून हे आले जुन्या रस्त्याने, ट्रिपोली, हलब (आपण अलेप्पो म्हणतो ते), बगदाद, बसरा आणि तिथून होडीने होर्मुझ. जवळ राणी एलिझाबेथने अकबर बादशहाला लिहिलेलं पत्र. होर्मुझ बेट पोर्तुगीजांचं, तिथे यांनी माल मांडला आणि आठवडाभरातच चौघंही आत. तक्रार पोर्तुगीजांपैकी कोणी केलेली नव्हती, मिकेले स्त्रोपेने नावाच्या व्हेनिसशी संबंध असलेल्या इटालियन व्यापाऱ्याने केलेली. व्हेनिसवाल्यांचा हलबपासून होर्मुझपर्यंत धंद्याचा जम बसलेला, त्या रस्त्यावर इंग्रज घुसले तर भाव पडणार, मग त्याने सरळ किल्ल्यावर जाऊन सांगितलं की हे हेर आहेत.

आता यातली मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट. गोव्याला नेताना जहाजावर होर्मुझच्या मुख्य न्यायाधीशाने न्यूबेरीला ज्या गोष्टींचा जाब विचारला त्यात एक होती की तुमच्या ड्रेकने मोलुकाजवळ आमच्या राजाच्या गलबतावर तोफा डागल्या. इंग्रज दर्यावर्दी फ्रान्सिस ड्रेक तर्नातेला गेला होता १५७९ च्या शेवटी, तिथल्या सुलतानाकडून लवंगा घेतल्या आणि निघून गेला. म्हणजे जगाच्या त्या टोकाला, लवंगांच्या बेटांवर झालेली गोष्ट मलाक्का, गोवा करत करत इराणच्या आखातापर्यंत पोचलेली होती आणि चार वर्षांनी एका इंग्रज कापड व्यापाऱ्याच्या अंगावर आली! न्यूबेरीने हे स्वतः पत्रात लिहून ठेवलंय म्हणून आपल्याला कळतं. आपण समजतो तेव्हा जग तुटक होतं, कोणाला कोणाचं काही माहीत नसायचं. तसं अजिबात नव्हतं. बातमी हळू चालायची पण पोचायची नक्की.

चौघांना गोव्याला आणून तुरुंगात टाकलं. तिथे त्यांच्या मदतीला आले ते दोन जेझुइट, एक ब्रुजचा फ्लेमिश (म्हणजे आजच्या बेल्जियमचा) पाद्री आणि दुसरे आपले स्टीफन्स, जे १५७९ पासून गोव्यात होते. आणि तिसरा एक वीस वर्षांचा डच पोरगा, आर्चबिशपच्या घरी कारकुनी करणारा, यान हाउखेन फान लिन्शोटेन, तो नुकताच सप्टेंबरात लिस्बनच्या जहाजाने आलेला. त्याने आर्चबिशपच्या कानावर घातलं, जेझुइटांनी शब्द टाकला, २००० डुकाट नाण्यांचा जामीन झाला आणि हे सुटले. जेझुइटांना चर्च रंगवायला चित्रकार हवा होता म्हणून स्टोरी त्यांच्याकडे गेला, बाकी तिघांनी गोव्यात चक्क दुकान थाटलं. १५८४ मध्ये मात्र धोका वाढतोय असं दिसल्यावर ते तिघे नदी ओलांडून आदिलशाही मुलखात पळाले, विजापूर, गोवळकोंडा, बुऱ्हाणपूर करत फतेहपूर सिक्रीला अकबराकडे पोचले. लीड्स तिथेच नोकरीला राहिला, न्यूबेरी परतीच्या वाटेवर गायब झाला आणि फिच एकटा बंगाल, ब्रह्मदेशातलं पेगू, मलाक्का फिरून १५९१ मध्ये लंडनला परत गेला. तो मेला असं धरून घरच्यांनी त्याच्या मृत्युपत्राची तजवीजसुद्धा करून टाकली होती.

या चारपाच माणसांकडे नीट बघा. इंग्रज व्यापारी, पोर्तुगालच्या नोकरीत असलेला इंग्रज पाद्री, त्याचा फ्लेमिश साथी, आर्चबिशपकडचा डच कारकून. सगळे गोव्यात, एकाच वेळी, एकमेकांना भेटतायत, आणि भाषा जुळल्या की माणसं बोलणारच. पोर्तुगीज राजाला जे जगापासून लपवायचं होतं ते त्याच्याच राजधानीत अशा गप्पांमधून फिरत होतं.

लपवायचा प्रयत्न मात्र त्यांनी जिवापाड केला, हे सांगायला हवं. लिस्बनच्या कासा दा इंडिया या सरकारी व्यापार-कचेरीत मूळ नकाशा ठेवलेला असायचा, १५०४ मध्ये मॅन्युएल राजाने आफ्रिकेतल्या काँगो नदीच्या पुढचे मार्ग दाखवणाऱ्या नकाशांवर बंदी घातली. पण त्याच्या दोन वर्षं आधीच, १५०२ मध्ये, फेराराच्या ड्यूकचा माणूस आल्बेर्तो कांतिनो याने लिस्बनमध्ये कोणाकडून तरी १२ सोन्याच्या डुकाटांत एक मोठा नकाशा करून घेतला आणि इटलीत नेला, तो आजही मोदेनाच्या ग्रंथालयात आहे (मध्ये एकोणिसाव्या शतकात तो एका खाटकाच्या दुकानात सापडला होता, कल्पना करा). म्हणजे बंदी यायच्या आधीच माल बाहेर. आणि मुळात ही माहिती पोर्तुगीजांची तरी कुठे होती? १४९८ मध्ये वास्को द गामाला आफ्रिकेतल्या मालिंदीहून कालिकतपर्यंत आणणारा वाटाड्या त्याला तिथेच मिळाला होता, हे पाणी पिढ्यानपिढ्या ओळखणाऱ्यांपैकी. १५१० मध्ये गोवा घ्यायचा सल्ला पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कला दिला तो होनावरच्या तिमोजाने, आदिलशहा वारलाय, आत्ता गोव्यात फौज कमी आहे ही बातमी त्याची. राज्य उभं राहिलं तेच दुसऱ्यांच्या माहितीवर, मग ती माहिती फक्त आपल्यापुरती ठेवायची म्हणजे अशक्यच.

गोव्याचं वेळापत्रक पण याला कारणीभूत होतं असं मला वाटतं आणि यावर फार कोणी बोलत नाही. लिस्बनची जहाजं मार्च-एप्रिलला निघायची, सप्टेंबर-ऑक्टोबरला गोव्यात. मग कोचीनला जाऊन मिरी भरायची आणि जानेवारीच्या आसपास परत निघायचं. म्हणजे लिस्बनहून पत्र आलं, त्याला उत्तर गेलं की दीडएक वर्ष गेलं, आणि मधल्या काळात भाव कुठल्या कुठे. पावसाळ्यात तर जूननंतर मांडवीच्या तोंडावर वाळू येऊन बसते, मोठी जहाजं हलूच शकत नाहीत. मलाक्काहून आलेला, मोझांबिकला जायचा असलेला, होर्मुझचे घोडे विकून बसलेला, सगळे महिनोन्महिने वाऱ्याची वाट बघत बसलेले आणि वाट बघणारा व्यापारी दुसऱ्या व्यापाऱ्याशी बोलण्याशिवाय करणार काय. किती मिरी उतरली, सुमात्राच्या अचेहून यंदा किती जहाजं तांबड्या समुद्राला गेली, कुठला कप्तान किती खातो, याच गप्पा.

आणि बोलायची जागा पण ठरलेली. जुन्या गोव्यात आज आपण जातो तेव्हा बॉम जिझस बघतो, से कॅथेड्रल बघतो आणि बसमध्ये बसतो. पण नदीवर जी व्हाइसरॉयची कमान आहे तिथून वर चढणारा रस्ता म्हणजे रुआ दिरैता, त्या काळातला सगळ्यात गजबजलेला रस्ता. लिन्शोटेनने लिहून ठेवलंय की इथे सणवार सोडून रोज सकाळी ७ ते ९ लिलाव चालायचा, अँटवर्पच्या बाजारात व्यापारी जमतात तसे इथे जमायचे, अंगावर सोन्याच्या साखळ्या आणि विकायचे दागिने घालून लिलाववाले फिरायचे, अरबी घोडे, मसाले, औषधं, गालिचे, आणि माणसंही. गुलाम म्हणून उभी केलेली माणसं. हे वाचताना दरवेळी मी थांबते. मसाल्याच्या व्यापाराची गोष्ट सुगंधी करून सांगायची आपल्याला सवय लागलीय, पण त्या रस्त्यावर मिरीच्या शेजारी बाईमाणूस विकायला होतं ते वगळून ही गोष्ट सांगूच नये.

त्याच रस्त्याच्या आसपास सराफ बसायचे, खोटं नाणं हातात घेताच ओळखणारे. खंबायतचे वाणी होते, लिन्शोटेन त्यांच्या हिशोबाच्या हुशारीवर अगदी थक्क आहे. आणि होते आपले गोव्याचे सारस्वत, जे कर वसुलीचे मक्ते घ्यायचे, दलाली करायचे, दुभाषे म्हणून दरबारात उभे राहायचे, विजापूरच्या वकिलाचं पत्र वाचून दाखवायचे. विचार करा, व्हाइसरॉयला आदिलशाहीतली बातमी कळायची ती कोणाच्या तोंडून, तर दुभाष्याच्या. आणि घाटावरच्या व्यापाऱ्याला गोव्यातली बातमी? ती पण त्याच घरातून. मला तरी या दुभाष्यांएवढं ताकदवान त्या शहरात दुसरं कोणी दिसत नाही, तोफखाना धरून.

आता गार्सिया द ओर्ता. याच्याबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाणं शक्य नाही, कारण याचा आपल्या महाराष्ट्राशी थेट संबंध. हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला आणि मरेपर्यंत इथेच राहिला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचा तो वैद्य आणि मित्र होता, त्या दरबारातल्या अरबी-फारसी जाणणाऱ्या हकिमांशी त्याच्या चर्चा व्हायच्या. मुंबई बेट त्याला खंडाने मिळालेलं होतं, तो त्याला माझं बेट म्हणतो आणि तिथल्या एका आंब्याच्या झाडाचं कौतुक करतो जे वर्षातून दोनदा फळतं. १५६३ मध्ये गोव्यातच छापलेलं त्याचं औषधी आणि मसाल्यांवरचं पुस्तक म्हणजे सगळं संवादात. रुआनो नावाचा नवा आलेला मित्र विचारतोय आणि ओर्ता सांगतोय, मध्येच मालुपा नावाचा हिंदू वैद्य येऊन आपलं मत देतो.

हिंगावरचा भाग तर फारच छान आहे. विजयनगरात एका पोर्तुगीजाचा घोडा होता, पोटात वारा धरायचा म्हणून राजा घेईना, मालकाने पिठातून हिंग खाऊ घातला, घोडा बरा झाला आणि राजाने विकत घेतला. आता ही गोष्ट ओर्ताला कुठून कळली असेल, तर घोड्यांच्या व्यापाऱ्यांकडूनच असणार. लवंगांच्या बेटांवर तो कधी गेला नाही, दालचिनीचे, कापराचे, कोष्ठ या औषधी मुळाचे प्रश्न त्याने सोडवले ते जाऊन आलेल्या माणसांना गोव्यात बसून विचारून. एकाने सांगितलं ते दुसऱ्याला विचारायचं, दोघांचं जुळलं तर लिहायचं. स्वतः व्यापारात होता म्हणून त्याला माहीत होतं की विकणारा माणूस मालाचा उगम कधीच सरळ सांगत नाही.

पुस्तक छापून दोन वर्षं झाली नाहीत तोवर ते लिस्बनमध्ये क्लुसियस नावाच्या वनस्पतीशास्त्रज्ञाच्या हाती लागलं आणि १५६७ मध्ये अँटवर्पला त्याचा लॅटिन सारांश छापून आला, म्हणजे युरोपातल्या कुठल्याही शिकलेल्या माणसाला वाचता येईल असा. अहमदनगरच्या हकिमांचं, गोव्याच्या वैद्यांचं, मलबारच्या व्यापाऱ्यांचं ज्ञान अशा रीतीने चार वर्षांत अँटवर्पच्या दुकानात.

आणि त्या माणसाचं पुढे काय केलं? ओर्ता जन्माने ज्यू घराण्यातला, जबरदस्तीने ख्रिश्चन केलेल्यांपैकी. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन आलं, म्हणजे धर्म न पाळणाऱ्यांना शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय. तो १५६८ मध्ये वारला, पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला, कातारिनाला, जिवंत जाळलं आणि १५८० मध्ये त्याची हाडं उकरून काढून जाळली. मला याचा अजूनही राग येतो. माणुसकी म्हणून तर येतोच, पण नुसता राज्याचा फायदा बघितला तरी हा कसला वेडेपणा? या नवख्रिश्चन घराण्यांचे नातेवाईक लिस्बन, अँटवर्प, कैरो, होर्मुझ, कोचीन असे पसरलेले, एकमेकांच्या शब्दावर उधारी चालवणारे. १५६० च्या सुमाराला रोममधला पोर्तुगीज वकील राजाला कळवतोय की अलेक्झांड्रियात मसाला परत भरभरून उतरायला लागलाय आणि ही खबर काढायला त्याला कैरोमधल्या ज्यूंचीच मदत घ्यावी लागतेय. एकीकडे त्यांच्याकडून बातम्या घ्यायच्या, दुसरीकडे त्यांच्या भाऊबंदांना जाळायचं.

अलेक्झांड्रियात मसाला का वाढला त्याचं पण थोडक्यात सांगते. कोचीनच्या राजाशी करार करून पोर्तुगीजांनी मिरीचा भाव बांधून घेतलेला, बाजार चढला तरी तोच भाव. मग मिरी पिकवणारा कशाला देईल? तो रात्रीच्या होडीवाल्याला देणार, घाट चढणाऱ्या बैलांवर लादणार. वर सुमात्राच्या अचेची मिरी गुजराती आणि अचेच्याच जहाजांतून मालदीवच्या बाजूने थेट तांबड्या समुद्रात, पोर्तुगीज गस्तीला टाळून. कुठल्या महिन्यात गस्त कुठे असते हे कळल्याशिवाय हे जमत नाही आणि ते यांना बरोबर कळायचं.

आता परत लिन्शोटेनकडे. त्याला बऱ्याच ठिकाणी सरळ हेर म्हणून टाकतात, गुपचूप नकाशे चोरणारा वगैरे. मला हे पटत नाही. तो पाचेक वर्षं आर्चबिशपचा कारकून होता, पत्रं त्याच्या हातून जात होती, खलाशी, पाद्री, व्यापारी सगळे त्या घरी येत होते आणि त्याला लिहून ठेवायची सवय होती, एवढंच. तो स्वतः मलाक्काला गेला नाही, चीनला गेला नाही, जावाला गेला नाही. तिकडचं जे त्याने लिहिलं ते सगळं इतरांचं, पोर्तुगीज आणि स्पॅनिश सुकाणूवाल्यांच्या वह्यांमधलं आणि डिर्क गेरित्झ नावाच्या त्याच्या गाववाल्याकडून ऐकलेलं, जो पोर्तुगीजांच्या नोकरीत चीन-जपानला जाऊन आलेला. १५८८ मध्ये आर्चबिशप परतीच्या प्रवासात वारल्याचं गोव्यात कळलं आणि याची नोकरी संपली. परत जाताना तो कुठल्या कामावर गेला माहितीय? ऑग्सबर्गच्या फुगर आणि वेल्झर या जर्मन सावकारांनी मिरीचा ठेका घेतला होता, त्यांच्या मिरीवर देखरेख करणारा माणूस म्हणून. डच माणूस, जर्मन पैसा, पोर्तुगीज जहाज, मलबारची मिरी. यात हेर कुठला आणि नोकरदार कुठला हे वेगळं काढूनच दाखवता येत नाही, आणि मला वाटतं पोर्तुगीजांची खरी अडचण हीच होती. परक्यांना काढून टाका म्हटलं तर मिरी विकत घ्यायला पैसा नाही, जहाजावर तोफा चालवायला माणूस नाही, विजापूरचं पत्र वाचायला डोळा नाही.

१५९२ मध्ये तो हॉलंडमध्ये घरी पोचला. १५९५ मध्ये त्याचं जहाजमार्गांवरचं पुस्तक आणि १५९६ मध्ये सगळं प्रवासवर्णन ॲमस्टरडॅमला छापून आलं. त्यातली एक गोष्ट फार महाग पडली. त्याने सांगितलं की सुंदाच्या बाजूला, जावामध्ये, मिरी भरपूर आहे आणि पोर्तुगीजांचा तिकडे जोर नाही, मलाक्काच्या वाटेला न जाता सरळ तिकडे जा. १५९५ च्या एप्रिलमध्ये कोर्नेलिस द हाउटमनची ४ जहाजं निघाली आणि १५९६ मध्ये जावाच्या बांतेनला लागली. ती सफर माणसांच्या दृष्टीने भयानक होती, अडीचशेच्या आसपास गेले आणि शंभरसुद्धा परत आले नाहीत, पण रस्ता खरा निघाला. १५९८ मध्ये लिन्शोटेनचं पुस्तक इंग्रजीत आलं, १६०० च्या शेवटच्या दिवशी ईस्ट इंडिया कंपनीला सनद मिळाली आणि तिच्या तयारीत सल्ला घ्यायला ज्यांना बोलावलं त्यात एक होता राल्फ फिच, गोव्याच्या तुरुंगातून जामिनावर सुटलेला तोच. १६०२ मध्ये डचांची कंपनी निघाली.

यात फर्डिनांड क्रोनचं नाव फारसं कोणी घेत नाही, पण माझ्या मते तो सगळ्यात इंटरेस्टिंग. ऑग्सबर्गचा हा माणूस १५८७ मध्ये फुगर-वेल्झरचा एजंट म्हणून आला, ठेका संपला तरी गेला नाही, इथेच लग्न केलं, व्यापार वाढवला आणि गोव्यातल्या मोठ्या सावकारांत गणला जाऊ लागला. त्याची खरी ताकद म्हणजे पत्रं. व्हेनिस, हलब, बसरा, होर्मुझ या जमिनीच्या रस्त्याने अर्मेनियन, ज्यू, इटालियन माणसांच्या हाती टपाल चालायचं आणि ते आफ्रिकेला वळसा घालणाऱ्या जहाजाची वाट बघत नसायचं. राजाचं पत्र यायच्या आधी क्रोनला युरोपातली हालचाल कळायची, डच आरमाराची बातमी त्याच्याकडून व्हाइसरॉयला मिळायची, म्हणून वर्षानुवर्षं सगळे व्हाइसरॉय त्याला धरून होते. आणि शेवटी त्याच कारणाने तो गोत्यात आला, डचांबद्दल याला इतकं माहीत कसं, म्हणजे हा त्यांनाही इथलं कळवत असणार. त्याला पकडलं आणि १६२४ मध्ये युरोपला पाठवून दिलं. तीस-पस्तीस वर्षं गोव्यात काढलेला माणूस. १६३६ पासून डच आरमार दरवर्षी येऊन मांडवीचं तोंड अडवून बसायला लागलं, १६४१ मध्ये मलाक्का गेलं आणि १६६३ मध्ये कोचीन, जिथे मिरी भरली जायची.